मेक्सिकन पुस्तक मराठीत करायचंय? आधी लेखकाला बोलताना ऐका

स्पॅनिशची बी टू, म्हणजे मधल्याच्या वरची पातळी, झाली, आता एखादं मेक्सिकन पुस्तक मराठीत करू का, सुरुवात कशी करू, असा मेसेज कुणी ना कुणी करतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. कर की, बिनधास्त कर, पण पहिलं वाक्य टाइप करायच्या आधी त्या लेखकाला भरपूर बोलताना ऐक. मुलाखती, पुस्तक मेळ्यातल्या गप्पा, स्वतःच्या आवाजातलं वाचन, अनुवादकाबरोबरची चर्चा, जे मिळेल ते. डिक्शनरी नंतर. लोकांना वाटतं हे टाइमपास आहे, पण मेक्सिकन गद्याचा बराच मोठा भाग कानाने लिहिलेला आहे, कुणीतरी कुणालातरी सांगतंय आणि लेखक बाजूला बसून ऐकतोय अशा पद्धतीने, त्यामुळे तो आवाज आपल्या डोक्यात बसला नाही तर व्याकरण बरोबर येऊनही पान मुकं राहतं.

आता हे कसं करायचं ते माझ्या पद्धतीने सांगते. क्रम इकडेतिकडे होईल, चालवून घ्या.

कुठे आणि काय ऐकायचं

हुआन रुल्फो या मेक्सिकन कथाकारापासून सुरुवात करा, कारण त्याचं काम कमी आहे आणि आवाज उपलब्ध आहे. 1953 चा कथासंग्रह 'एल यानो एन यामास' आणि 1955 ची छोटी कादंबरी 'पेद्रो पारामो', मुख्य म्हणजे एवढंच. 1977 मध्ये स्पेनच्या टीव्हीवर 'आ फोंदो' नावाच्या कार्यक्रमात होआकिन सोलेर सेर्रानोने त्याची लांबलचक मुलाखत घेतली होती, ती नेटवर सापडते. पहिल्यांदा बघताना सबटायटल लावू नका, सगळं कळलं नाही तरी चालेल. तो किती हळू, किती खालच्या पट्टीत बोलतो, बापाचा खून झाला, आई गेली, अनाथाश्रमात राहिलो हे सांगताना आवाज जरासुद्धा वर जात नाही, हे आधी अंगात मुरू द्या. त्यानंतर त्याच्याच आवाजातल्या दोन कथा ऐका, 'लुविना' आणि 'दिलेस के नो मे मातेन'. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने, म्हणजे उनामने, 'व्होस व्हिव्हा दे मेहिको' नावाची रेकॉर्डिंगची मालिका केली होती त्यात त्या आहेत. त्यांचंच 'देस्कार्गा कुल्तुरा' म्हणून ऑडिओचं भांडार आहे, तिथे बाकीचे लेखकही मिळतात. गंमत म्हणजे कथेत एक माणूस जीव वाचवण्यासाठी गयावया करतोय आणि रुल्फो ते असं वाचतो की जणू बाजारातून काय आणलं ते सांगतोय. मराठीत आपण अशा ठिकाणी लगेच उद्गारचिन्हं, 'अरे देवा', 'हाय रे दैवा' घालायला धावतो. ते रेकॉर्डिंग ऐकलेला माणूस हे करणार नाही.

वाचायच्या मुलाखतींमध्ये पॅरिस रिव्ह्यूच्या दोन जरूर वाचा, कादंबरीकार कार्लोस फुएन्तेसची 1981 ची आणि कवी ओक्ताव्हिओ पासची 1991 ची. बाकी 'लेत्रास लिब्रेस', 'नेक्सोस' ही मासिकं आणि ग्वादालाहाराच्या पुस्तक मेळ्यातले व्हिडिओ. हा मेळा 1987 पासून दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी भरतो, 2019 ला तिथे भारत पाहुणा देश होता, म्हणजे आपल्याकडचे लोकही तिकडे जाऊन बोलून आलेत.

कितपत विश्वास ठेवायचा

हा भाग महत्त्वाचा. लेखक मुलाखतीत थापा मारतात. रुल्फो तर उस्ताद. त्याचं जन्मवर्ष कित्येक वर्षं 1918 छापलं जायचं आणि तोही तसंच सांगायचा, खरं आहे 1917. पुढे का लिहिलं नाही असं विचारलं की म्हणायचा, मला गोष्टी सांगणारा सेलेरिनो काका वारला, आता सांगणार कोण. 'ला कोर्दिय्येरा' नावाची कादंबरी लिहितोय असं वर्षानुवर्षं सांगत राहिला, ती काही आलीच नाही.

म्हणून मी एक साधा नियम पाळते. लेखक पुस्तकाचा अर्थ सांगायला लागला की नम्रपणे ऐकायचं आणि वहीत फार काही लिहायचं नाही. पण तो ऐकण्याबद्दल बोलला, म्हणजे हा माणूस असं का बोलतो, हे वाक्य कुठे ऐकलं, आधी पुस्तकाचं नाव काय होतं, काय काय कापलं, तर प्रत्येक शब्द टिपून घ्यायचा. 'पेद्रो पारामो'चं एक आधीचं नाव 'लोस मुर्मुय्योस' होतं, म्हणजे कुजबुज. ही माहिती मला कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त उपयोगाची वाटते, कारण ती थेट कामाची आहे. अख्खी कादंबरी कुजबुजीची आहे, तर मराठीतला कुठला शब्द कुजबुजीत बसत नाही ते बघून तो काढता येतो. सेलेरिनो काकाची थापही तशी खोटी नाहीच म्हणा, त्यातून एवढं कळतं की हा लेखक स्वतःला ऐकणारा समजायचा.

आजचा कादंबरीकार युरी एर्रेराचं उदाहरण घ्या. जन्म 1970, हिदाल्गो राज्यातल्या आक्तोपानचा. तो मुलाखतीत सांगतो की काही शब्द त्याने मुद्दाम वापरलेच नाहीत, त्याच्या पहिल्या कादंबरीत ड्रग तस्करीची अख्खी दुनिया आहे पण 'नार्को' वगैरे शब्द नाहीत, आणि 'सेन्यालेस के प्रेसेदेरान आल फिन देल मुंदो'मध्ये एक मुलगी देशाची हद्द ओलांडून भावाला शोधायला जाते पण 'मेक्सिको', 'अमेरिका', 'सरहद्द' हे कुठेच येत नाही. हे तुम्हाला पुस्तक वाचून कळेलच असं नाही, कारण नसलेली गोष्ट दिसत नाही. आणि मराठी अनुवादकाचा हात हमखास तिथेच घसरतो, वाचकाला सोपं जावं म्हणून एखादं 'सीमेपलीकडे', एखादं 'ड्रग माफिया' टाकून देतो. बस, लेखकाने वर्षभर सांभाळलेलं एका फटक्यात गेलं. म्हणून वहीचं एक पान फक्त 'न वापरलेले शब्द' म्हणून ठेवा. ब्लर्ब लिहिणाऱ्यालाही ते पान दाखवा, नाहीतर आतलं सगळं नीट आणि मागच्या कव्हरवर 'मेक्सिको-अमेरिका सीमेवरील थरार'.

त्याच पुस्तकाची इंग्रजी अनुवादक लिसा डिलमन, 2016 चं बेस्ट ट्रान्सलेटेड बुक अवॉर्ड मिळालं तिला आणि एर्रेराला. तिने शेवटी टीप लिहिलीय ती वाचा. आवाज सापडावा म्हणून ती दुसऱ्याच एका इंग्रजी लेखकाची पुस्तकं वाचत बसली होती, कॉर्मॅक मॅकार्थीची. ही युक्ती मराठीत पण चालते. आपल्याला जो सूर हवाय तो मराठीत कुणी आधी लावलाय का ते शोधायचं आणि रोज कामाला बसायच्या आधी त्याची दोन पानं मोठ्याने वाचायची. नक्कल करायची नाही, फक्त गळा तापवायला.

तू, तुम्ही आणि इंग्रजीने खाल्लेलं

आता जिथे मराठीवाल्यांचा चक्क फायदा आहे तिथे येते.

रुल्फोची एक कथा आहे, 'नो ओयेस लाद्रार लोस पेर्रोस'. म्हातारा बाप जखमी पोराला खांद्यावर घेऊन रात्रीचा तोनाया गावाकडे चाललाय, डॉक्टर मिळेल म्हणून. पोरगा डाकू झालेला, लोकांना मारलेलं, बापाची मान खाली घालायला लावलेली. पोराचे हात बापाच्या मानेभोवती आवळलेले, त्यामुळे बापाला गावातली कुत्री भुंकताना ऐकू येत नाहीत, तो पोराला सारखं विचारतोय, काही ऐकू येतंय का, दिवा दिसतोय का. बाप त्याला तू म्हणतोय. आणि मध्येच, चालता चालता, बाप 'उस्तेद'वर जातो. म्हणजे तुम्ही. हे मी तुमच्यासाठी करत नाहीये, तुमच्या गेलेल्या आईसाठी करतोय, या चालीवर. मग पुन्हा तू.

इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. कथेचं सगळ्यात जास्त दुखणारं ठिकाण इंग्रजी वाचकाला दिसतच नाही, किंवा अनुवादकाला दुसरं काहीतरी करून दाखवावं लागतं. मराठीत ते आयतं आहे. फक्त एक सांभाळा. आपल्या घरात आई चिडली की पोराला म्हणते, 'अहो राजे, उठता का आता', तो टोमणा असतो, त्यात माया असते, थोडी गंमत असते. रुल्फोचा बाप टोमणा मारत नाहीये, तो पोराशी नातं तोडतोय, त्याला खांद्यावर घेऊन चालत असतानाच. म्हणून 'राजे', 'साहेब', 'महाराज' काही नको, साधं कोरडं 'तुम्ही' आणि क्रियापदं त्याप्रमाणे. जो वाचक असेल त्याला थंडगार वाटलं पाहिजे. आणि हो, पोरगा बापाला तूच म्हणतो स्पॅनिशमध्ये, तेही ठेवायला काही हरकत नाही, आपल्याकडे खेड्यापाड्यात बापाला अरे-तुरे करणारी घरं काही कमी नाहीत.

यातून एक पद्धत सांगते. कुठलंही मेक्सिकन पुस्तक घेतलं की पहिल्या वाचनातच पेन्सिलने कोण कुणाला 'तू' आणि कोण कुणाला 'उस्तेद' म्हणतं त्याचा तक्ता करा, आणि तो कुठे बदलतो त्या ठिकाणी गोल करा. पुण्यामुंबईतले क्लास बऱ्याचदा स्पेनच्या पुस्तकांवरून शिकवतात, त्यात 'व्होसोत्रोस' (जवळच्या अनेकांना म्हणायचं 'तुम्ही') घोकून घेतात, मेक्सिकोत ते बोलण्यात नाहीच, अनेकवचनात सगळ्यांना 'उस्तेदेस'. म्हणजे 'उस्तेदेस' दिसलं की आदर आहे असं समजू नका, चार टग्या पोरांनाही तेच म्हणतात. जिवंत लेखक असेल तर हा तक्ता त्याला पाठवून विचारता येतं, तिथे ते लोक खूश होतात कारण इंग्रजी अनुवादक त्यांना हे विचारतीलच असं नाही.

फायदा सांगितला तर तोटाही सांगायला हवा. मराठीचं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग फोडून टाकतं. स्पॅनिशमध्ये 'मी गेलो' आणि 'मी गेले' एकच. 'पेद्रो पारामो'त सत्तरच्या आसपास तुकडे आहेत, मध्ये मध्ये एखादा तुकडा असा सुरू होतो की कोण बोलतंय, बाई का पुरुष, जिवंत का मेलेलं, काही कळत नाही, आणि ते न कळणं हाच खेळ आहे. त्यातली सुसाना सान हुआन आपल्या कबरीतून बोलत असते आणि शेजारच्या कबरीतले दोघं ते ऐकत असतात. मराठीत पहिल्या क्रियापदालाच 'मी झोपले होते' लिहिलं की गुपित फुटलं.

उपाय आहे. सकर्मक भूतकाळ वापरा, तिथे क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, 'मी पाहिलं', 'मी दार लोटलं', 'मी हाक मारली'. नाहीतर 'मला' ची वाक्यं, 'मला ऐकू आलं', 'मला वाटलं', 'मला जाग आली'. 'आलो-गेलो-बसलो' या अकर्मकांपासून पहिल्या चारपाच ओळी लांब राहायचं, मग जिथे स्पॅनिशमध्ये एखाद्या विशेषणावरून बाई आहे हे कळतं तिथेच आपणही कळू द्यायचं. कोल्हापूरच्या मुली 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात ते इथे कामाला येईल का असं कुणाला वाटेल, पण नाही, वाचकाला बाई का पुरुष हा प्रश्न पडायच्या ऐवजी ही कोल्हापूरची आहे असंच वाटणार.

तेच बोलीभाषेचं. रुल्फोची माणसं खालिस्को राज्यातल्या खेड्यातली, म्हणून आपल्याकडे मोह होतो की यांना माणदेशी बोलायला लावू किंवा वऱ्हाडी. मी याच्या विरोधात आहे आणि यावर माझी भांडणं झालीत. ग्रामीण साहित्याची एवढी मोठी परंपरा आहे मराठीत की 'म्या', 'व्हतं', 'न्हाई' आलं की वाचक थेट आपल्या ओळखीच्या गावात जाऊन उभा राहतो, 'पेद्रो पारामो'तलं कोमाला गाव उरतच नाही. शिवाय रुल्फोने काही टेपरेकॉर्डरवरून उतरवलेलं नाहीये, जसं लोक बोलतात तसं लिहायचं असं तो म्हणायचा खरा पण त्याची भाषा बरीच गाळून, तासून घडवलेली आहे. मराठीतही बोलण्याची वाक्यरचना घ्या, आखूड वाक्यं, एकच गोष्ट दोनदा सांगणं, 'असं म्हणतात', 'म्हणे', 'तेवढंच', आणि उच्चार मात्र प्रमाण ठेवा. 'म्हणे' हा शब्द तर रुल्फोसाठी सोन्यासारखा आहे.

खाण्यापिण्याचे शब्द तसेच ठेवा. तोर्तियाची भाकरी करू नका, कोमाल म्हणजे तवाच असला तरी. मक्याशिवाय मेक्सिकोचं पान हलत नाही आणि तो मका मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवत होते, मक्याच्या वाणांवर काम करत होते, दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. एकदा नीट संदर्भ दिला की 'तोर्तिया' पुढे आपोआप चालते.

शिव्या हा वेगळाच विषय. फेर्नांदा मेल्चोरची 'तेंपोरादा दे उराकानेस' 2017 ची, सोफी ह्यूजने इंग्रजीत केली आणि 2020 ला इंटरनॅशनल बुकरच्या शॉर्टलिस्टवर होती. आठ प्रकरणं, प्रत्येक प्रकरण म्हणजे एकच सलग परिच्छेद, आणि शिव्यांचा धबधबा. मेल्चोर सांगते की बेराक्रूस राज्यातल्या एका खुनाच्या बातमीवरून हे सुचलं, आधी रिपोर्टिंगसारखं लिहायचा विचार होता पण त्या भागात जाऊन प्रश्न विचारणं धोक्याचं होतं, म्हणून कादंबरी. हे कळलं की शिव्या सजावट म्हणून नाहीत हे कळतं, अफवा आणि भीती जशी गावात तोंडोतोंडी फिरते तशी ती वाक्यं पळतात. मराठीत सौम्य केल्या तर पुस्तकच गेलं, तेव्हा झेपत नसेल तर दुसरं पुस्तक घ्या. आणि 'आल्बूर' म्हणून जो प्रकार आहे मेक्सिकोत, दुहेरी अर्थाची शाब्दिक कुस्ती, ती शब्दाला शब्द ठेवून कधीच होत नाही, तमाशातल्या सवाल-जवाबासारखी आहे ती, समोरच्याला गप्प केलं की जिंकलं. कोण जिंकलं एवढं पकडा आणि विनोद नवा बनवा.

लेखकच अनुवादक असतो तेव्हा

पत्रकार-लेखिका एलेना पोनियातोव्स्काच्या मुलाखती आवर्जून ऐका, मुलाखती देणारी आणि घेणारी दोन्ही तीच. जन्म 1932 पॅरिसचा, लहानपणी मेक्सिकोत आली, घरात फ्रेंच, स्पॅनिश शिकली ती कामवाल्या बायकांकडून. 1953 पासून पेपरात मुलाखती घ्यायला लागली. 2 ऑक्टोबर 1968 ला मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला त्यावरचं तिचं 1971 चं पुस्तक म्हणजे शेकडो लोकांचे आवाज एकाशेजारी एक लावलेले. याच गोळीबाराच्या निषेधात पासने दिल्लीतलं राजदूतपद सोडलं होतं.

पण अनुवादकासाठी तिची 1969 ची 'आस्ता नो व्हेर्ते हेसूस मिओ' जास्त कामाची. होसेफिना बोर्केस नावाची कपडे धुणारी म्हातारी, मेक्सिकन क्रांतीत फिरलेली, तिच्याकडे पोनियातोव्स्का दर बुधवारी जायची. पहिल्यांदा भला मोठा टेपरेकॉर्डर घेऊन गेली तर म्हातारी म्हणाली, माझं विजेचं बिल तू भरणार का. मग मशीन बंद, ऐकायचं आणि घरी येऊन आठवून लिहायचं. पुस्तक झाल्यावर तिला वाचून दाखवलं तर तिचं म्हणणं, सगळ्या थापा आहेत, तुला काही कळलेलं नाही. पण कव्हरवर सांतो निन्यो दे आतोचाचं, म्हणजे बाळ येशूचं, चित्र होतं ते मात्र तिला फार आवडलं. म्हणजे विचार करा, मूळ स्पॅनिश पुस्तकच एका बाईच्या बोलण्याचा अनुवाद आहे आणि तिने तो नाकारलाय. मग 'मूळाशी प्रामाणिक' राहायचं तर कुठल्या मूळाशी? माझं मत, छापलेल्या पानाशी, पण म्हातारीची कुरकुर कानात ठेवून, जिथे हेसुसाचं, म्हणजे पुस्तकातल्या म्हातारीचं, बोलणं जास्तच गोड, जास्तच शहाणं व्हायला लागलं तिथे थांबून बघायचं की हे आपण करतोय की पुस्तक.

व्हालेरिया लुईसेलीचं आणखी वेगळं. तिची दातांची गोष्ट असलेली कादंबरी एकातेपेकच्या हुमेक्स ज्यूस फॅक्टरीतल्या कामगारांसाठी हप्त्याहप्त्याने लिहिली गेली, ते एकत्र बसून वाचायचे, चर्चा रेकॉर्ड करून न्यूयॉर्कला तिला पाठवायचे, ती ऐकून पुढचा भाग लिहायची. इंग्रजी आवृत्तीत तर अनुवादक क्रिस्टिना मॅकस्विनीने केलेलं एक अख्खं प्रकरण आहे, कालपट, जे स्पॅनिशमध्ये नव्हतंच. आणि हीच लुईसेली न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात एकट्या आलेल्या पोरांसाठी दुभाषी होती, फॉर्मवर चाळीस प्रश्न, पोरं अडखळत स्पॅनिशमध्ये सांगणार आणि हिने इंग्रजीत लिहायचं. पुढची कादंबरी तिने इंग्रजीत लिहिली, 2019 ला, आणि तिची स्पॅनिश आवृत्ती करताना दानिएल साल्दान्या पारीसबरोबर स्वतः बसली. क्रिस्तिना रिवेरा गार्सानेही खून झालेल्या बहिणीवरचं पुस्तक आधी स्पॅनिशमध्ये आणि मग स्वतःच इंग्रजीत लिहिलं, त्या इंग्रजीला 2024 चं पुलित्झर मिळालं. त्यामुळे काम घेताना आधी मुलाखतींतून हे शोधा की मूळ कुठलं, दोन आहेत का, आणि लेखक कुठल्या आवृत्तीला आपली म्हणतो.

मेक्सिकोत स्पॅनिशखेरीज 68 भाषा राष्ट्रीय म्हणून मान्य आहेत हेही विसरू नका. हुचितानची इर्मा पिनेदा सापोतेक या तिथल्या मूळ भाषेत आणि स्पॅनिशमध्ये समांतर कविता लिहिते, एकीवरून दुसरी असं नाही. अशा कवितेचं मराठी फक्त स्पॅनिशवरून केलं तर तसं पहिल्या पानावर लिहा, आणि सापोतेक वाचनाचं रेकॉर्डिंग शोधून ऐका, ओळीची लांबी तिथून कळते.

स्पॅनिश येत नसेल आणि इंग्रजीवरून करायचं असेल तर? करा, पण स्पॅनिश येणारा एक माणूस शेजारी बसवून. पासने स्वतः बाशो या कवीचं जपानी प्रवासवर्णन एइकिची हायाशियाबरोबर बसून स्पॅनिशमध्ये आणलं, 1957 ला. आणि पासने निवडलेल्या मेक्सिकन कवितांचं इंग्रजी ज्याने केलं, 1958 ला छापून आलेलं, तो सॅम्युएल बेकेट, ज्याचं स्पॅनिश यथातथाच होतं आणि पैशांची गरज होती. पासच्या बाबतीत मुंबईकरांना एक बोनस आहे. 1951 मध्ये तो बोटीने मुंबईलाच उतरला, ताजमध्ये राहिला, पुढे घारापुरीवर कविता लिहिली. ती कविता करायची असेल तर गेटवेवरून लाँच पकडून जाऊन यायचं, मेक्सिकन कवितेसाठी एवढ्या स्वस्तात फिल्डवर्क दुसरीकडे होणार नाही.

लेखकाला विचारायचं काय

लेखक जिवंत असेल आणि ईमेलला उत्तर देत असेल तर पहिल्या ड्राफ्टला काही विचारू नका. निम्मे प्रश्न दुसऱ्या ड्राफ्टमध्ये आपोआप मरतात. उरलेले एका फाईलमध्ये, पान नंबर, ओळ, मूळ वाक्य, मग प्रश्न, आणि शक्यतो दोन पर्याय देऊन विचारा म्हणजे त्याला फक्त पहिला किंवा दुसरा एवढंच लिहावं लागतं. 'याचा अर्थ काय' हे विचारूच नका, मेक्सिकन शब्दांसाठी कोलेहियो दे मेहिकोची 'दिक्सिओनारिओ देल एस्पान्योल दे मेहिको' नेटवर फुकट आहे, नाहुआत्ल या तिथल्या मूळ भाषेतून आलेल्या शब्दांसाठी उनामचा मोठा कोश आहे, ते आधी उघडा. त्याऐवजी विचारा, हे वाक्य कोण कुणाला कुठे बसून बोलतंय? ही शिवी दोस्तीतली की भांडणातली? इथे मुद्दाम धूसर ठेवलंय का? ही वस्तू कशी दिसते, फोटो असेल तर पाठवा. आणि सगळ्यात मोठी मागणी, एक पान वाचून व्हॉइस नोट पाठवाल का. जास्तीत जास्त लोक आनंदाने पाठवतात. त्या दोन मिनिटांत श्वास कुठे घेतात ते कळतं, स्वल्पविराम कुठला खरा आणि कुठला संपादकाने घातलेला ते कळतं. मराठी तयार झाल्यावर तेच पान तुम्ही वाचून त्यांना पाठवा. भाषा कळणार नाही, चाल कळते, आणि कधीकधी 'इथे फार लांबलं का' असं बरोबर ठिकाणी विचारतात.

हक्कांचं शेवटी सांगते कारण सगळे तिथेच कंटाळतात. अनुवाद हौसेने वहीत करायला कुणाची परवानगी लागत नाही, छापायला किंवा नेटवर टाकायला लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं, मेक्सिकोत 100. रुल्फो 1986 च्या जानेवारीत गेला, म्हणजे आपल्याकडे 2046 संपेपर्यंत हक्क आहेत, तेव्हा आधी त्याचे हक्क सांभाळणाऱ्या एजन्सीला मेल. इंग्रजीवरून करत असाल तर त्या इंग्रजी अनुवादकाचे हक्क वेगळे, तिथेही विचारा. ज्यांना हे सगळं नकोय आणि हात साफ करायचाय त्यांनी मारियानो आस्वेला घ्यावा. 'लोस दे आबाहो', 1915 ला एल पासोच्या एका पेपरात हप्त्यांनी आली, लेखक स्वतः डॉक्टर म्हणून क्रांतीतल्या फौजेबरोबर फिरलेला, संवादांनी गच्च भरलेली छोटी कादंबरी. तो 1952 ला गेला, त्यामुळे भारतात हक्क संपलेत, निबंधकार अल्फोन्सो रेयेसचेही 2019 अखेर संपले. फक्त ईबुक जगभर विकायला ठेवणार असाल तर मेक्सिकोसाठी वेगळं बघावं लागेल, तेवढं प्रकाशकाकडून करारात लिहून घ्या, आणि कव्हरवर अनुवादकाचं नाव पण.